विहिरीची साक्ष

आमचें खापा हें कन्हानकांठचें जुनें विणकरांचें गांव. अशा गांवीं पाण्याची परीक्षा डोळा, नाक व जीभ यांवरच चालत आली. फडक्यानें गाळलें कीं गृहिणीची शंका फिटे. ती परीक्षा किती अपुरी आहे, हें जोनाथन हार यांचा 'अ सिव्हिल ॲक्शन' (१९९५) हा ग्रंथ वाचतांना आम्हांस पटलें.

ग्रंथांत एका खऱ्या खटल्याची हकीकत आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत वोबर्न येथें १९६४ व १९६७ सालीं खणलेल्या दोन सार्वजनिक विहिरी १९७९ सालीं बंद कराव्या लागल्या. धातूंच्या वस्तूंवरील वंगण धुण्याचें ट्रायक्लोरोएथिलीन हें द्रावक त्यांच्या पाण्यांत सांपडलें. ज्यांचीं मुलें रक्ताच्या कर्करोगानें आजारी पडलीं, कांहीं दगावलीं, त्या कुटुंबांनीं कंपन्यांवर दावा लावला. न्यायाधीशांनीं खटल्याचे टप्पे पाडले व मुलांच्या आजाराचा पुरावा ज्यूरीपुढें आलाच नाहीं. हा भाग वाचून मन विषण्ण होतें.

हार यांची लेखणी पकड घेणारी आहे. वकील श्लिक्टमन यांची ईर्षा व त्यांचें दिवाळें तर डोळ्यांपुढें उभें राहतें. आमची तक्रार एवढीच कीं, वकील पुढें येतो आणि पाणी मागें पडतें. हा धोका आधीं कोणास ठाऊक होता, या प्रश्नास ग्रंथांत त्याच्या योग्यतेचें स्थान मिळत नाहीं.

वास्तविक १९४९ सालींच लाइन व मॅक्लाक्लन या दोघांनीं 'दि ॲनालिस्ट' या इंग्रजी नियतकालिकांत याच द्रव्यानें विहिरी बिघडल्याचें नमूद केलें होतें. असा बिघाड दीर्घकाळ टिकतो, असा इशाराहि दिला होता. त्या छोट्या लेखाकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. हें द्रावक उघड्यावर ओतलें तर बरेंचसें उडून जातें, म्हणून तें संपलें असें वाटतें. मुरलेला अंश मात्र पाण्याहून जड असल्यामुळें भूजलांत खोल उतरतो व वर्षानुवर्षें विरघळत राहतो.

हें परदेशचें गाऱ्हाणें म्हणून सोडून देतां येत नाहीं. राजस्थानांतील बिछडी येथें रंगांच्या धंद्यास लागणाऱ्या एच-ॲसिडच्या गाळानें विहिरी नासल्या, व १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निस्तरण्याचा खर्च कारखानदारांवरच टाकला. द्रव्य निराळें, परंतु न्याय तेथेंहि विहीर नासल्यावरच आला.

हा ग्रंथ घरोघरीं वाचला जावा. मात्र तो इशारा व वोबर्नची पहिली विहीर यांमध्यें पंधरा वर्षें गेलीं, एवढा हिशेब वाचकांनीं मनाशीं ठेवावा.