मुखपृष्ठावर कोण?

माझी नात बारावीत आहे आणि तिने ‘तिक्शोरेत’ हा विषय घेतला आहे. आपल्या वेळी शाळेत असा विषय नव्हता. वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा, जाहिरात यांचे जे जे म्हणून असते, ते सारे त्यात येते. वर्षअखेरच्या कामासाठी तिला एका काल्पनिक सिनेमासिकाचे मुखपृष्ठ करावयाचे होते. मासिकाचे नाव, महिना, किंमत, चित्र, मथळे, सगळे तिने ठरवायचे आणि प्रत्येक गोष्ट तेथेच का ठेवली याची कारणे दोन पानांत लिहून द्यायची. एका शब्बाथ सुटल्यावर ती आपला संगणक घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सबा, तू मुंबईचा. तू बघून सांग.”

मी तिला आधीच सांगितले की, सबा चांगले म्हणेल या आशेने दाखवू नकोस. माझे बालपण भायखळ्याच्या रद्दीवाल्याच्या दुकानात गेले आहे. बाबूराव पटेलांचे ‘फिल्मइंडिया’ १९३५ साली निघाले. त्याचे जुने अंक तेथे वजनावर विकावयास येत, आणि आम्ही मुले आतला इंग्रजी मजकूर सोडून मुखपृष्ठे पाहत बसत असू. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित आणि आपले रघुवीर मुळगावकर यांनी रंगविलेली ती चित्रे! पुढे मुळगावकरांचे हात दिवाळी अंकांवर दिसले की आम्ही लांबूनच ओळखत असू. तेव्हा मुखपृष्ठाच्या बाबतीत माझी नजर थोडी वाईट आहे, हे वाचकांनीही ध्यानात ठेवावे.

पहिला नमुना पाहून मी गप्पच बसलो. एका पानावर चार चेहरे, सात मथळे, आणि सर्वांत मोठ्या हिब्रू अक्षरांत ‘बॉलिवुडच्या आमच्या राण्या’. सुलोचना, प्रमिला, नादिरा अशा तिघी वरच्या भागात, आणि खाली किमतीच्या पट्टीला चिकटून, टपाल तिकिटाएवढा, डेव्हिड.

आता यातली रचनेची चूक लहान आहे आणि ती कोणीही सांगेल. चार चेहरे म्हणजे एकही चेहरा नाही. मुंबईच्या फूटपाथवर मासिके दोरीला टांगलेली किंवा एकावर एक सरकवलेली असत. गिऱ्हाइकाला दिसे ती वरची चार बोटे आणि एक कड, एवढेच. म्हणून नाव वर, म्हणून एकच चेहरा, म्हणून मोठे डोळे. ‘फिल्मफेअर’ १९५२ च्या मार्चमध्ये निघाले तेव्हा पहिल्या अंकावर एकटी कामिनी कौशल होती. १९७१ साली ‘स्टारडस्ट’ आले, त्यावर एकटा राजेश खन्ना. त्या अंकाने मथळ्यात सरळ त्याच्या लग्नाविषयीच प्रश्न विचारला होता. मथळा ओरडतो तेव्हा चेहऱ्याने गप्प राहावे लागते, हे त्या मंडळींना नीट कळत होते.

मला खरी बोच होती ती ‘आमच्या’ या शब्दाची. मी नातीला विचारले, “आमच्या म्हणजे कोणाच्या?” ती म्हणाली, “भारतातल्या यहुद्यांच्या.” वर्गात एवढे उत्तर पुरेसे आहे. आपल्या घरात ते पुरत नाही. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, प्रमिला म्हणजे कलकत्त्याची एस्थर अब्राहम, नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल. तिघीही बगदादी. मुंबईत बगदादी मंडळी आपल्याला किती जवळ करीत होती, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. ज्यांनी आपल्याला एका बाकावर बसवून घ्यायला कां-कूं केली, त्यांचे फोटो आज आपण आपल्या कीर्तीसाठी लावायचे? आणि ज्याचे नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, ज्याच्या आडनावातच आपला कुलाबा जिल्हा आहे, तो मात्र किमतीच्या शेजारी! डेव्हिडने १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मध्ये जॉनचाचा असा उभा केला की त्याला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. १९६९ साली पद्मश्री मिळाली. ‘गोलमाल’ आणि ‘बातों बातों में’ ही १९७९ ची चित्रे तर येथल्या घराघरांत अजून पाहतात.

नातीने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. “मग आपल्या बायका सिनेमात का नव्हत्या, सबा?” मी इकडचे-तिकडचे बोललो. खरे उत्तर असे की आपल्या घरांतून मुलीला नर्स होऊ दिले, शिक्षिका होऊ दिले, पण पडद्यावर जाऊ देण्यास बहुतेक घरे राजी नव्हती. राण्या हव्यात आणि त्यांची बदनामी मात्र दुसऱ्याने सोसावी, असा हा प्रकार झाला. प्रमिला तर १९४७ साली पहिली मिस इंडिया झाली, स्वतः चित्रपट काढले. तिच्याविषयी ‘ती आपली नव्हे’ म्हणताना माझा आवाज खाली आला, हे मला कबूल केले पाहिजे.

दुसरा नमुना पंधरा दिवसांनी आला. आता एकटी नादिरा, १९५५ च्या ‘श्री ४२०’ मधली माया, लांब नळीत सिगारेट धरलेली. हा चित्रपट या देशातही लोकांनी डोक्यावर घेतला होता, तेव्हा निवड शहाणपणाची. पण चित्रपट कृष्णधवल, आणि हिने झगा लालभडक केलेला. मी म्हणालो, हा रंग तुला कोणी सांगितला? मग माझे मलाच हसू आले. पंडित आणि मुळगावकर तरी काय करीत होते? समोर काळापांढरा फोटो आणि ब्रशात मनचे रंग. अशा लाल झग्यांवरच तर आम्ही वाढलो. तो आक्षेप मी मागे घेतला.

दोन आक्षेप मात्र ठेवले. पहिला असा की, तिने नादिराच्या केसांखाली मासिकाचे अर्धे नाव झाकून टाकले होते. मोठी मासिके असे करतात, हे तिने पाहिले आहे. परंतु ज्याचे नाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ आहे त्यानेच ते झाकावे. काल जन्मलेल्या मासिकाने नाव झाकले तर त्याला ओळखायचे कशावरून?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक. चित्र मला कुठेतरी चुकल्यासारखे वाटत होते. पुष्कळ वेळाने लक्षात आले की फोटो आरशात पाहिल्यासारखा उलटा आहे. भांग दुसऱ्या बाजूला गेला आहे. विचारल्यावर नात म्हणाली, मुद्दामच केले. हिब्रू मासिकाची टाच उजवीकडे असते आणि पान डावीकडून उघडते. नादिरा मूळ फोटोत उजवीकडे पाहते, म्हणजे टाचेकडे, वाचकाकडे पाठ फिरवून. उलटी केली की ती उघडणाऱ्या कडेकडे पाहते आणि हात आपोआप पान उलटतो. युक्तिवाद बिनचूक आहे. पन्नास वर्षे या देशात राहून ही गोष्ट मला सुचली नव्हती. तरीही माझे मत असे की माणसाचा चेहरा उलटवू नये. दोन्ही बाजू सारख्या असलेला चेहरा जगात नसतो. डेव्हिडला टक्कल होते, त्याचा भांग उलटला नसता, एवढे मी गमतीने म्हणालो. ती हसली नाही. विचार करीत राहिली.

तिसरा नमुना पाहिला आणि मला खुर्चीत नीट बसावे लागले. सात मथळे गेले. ‘आमच्या’ हा शब्द गेला. नादिरा सरळ झाली, भांग जागेवर आला, मासिकाचे नाव पुरे दिसू लागले. चित्राखाली हिब्रूत एकच शब्द: ‘नदीरा’. हिब्रू वाचणारा त्याचा अर्थ घेईल ‘दुर्मिळ’, आणि ज्याला सिनेमा ठाऊक आहे तो वाचेल तिचे नाव. अरबी-उर्दूतही नावाचा अर्थ तोच. मी तिला म्हटले, बाबूराव पटेलांनी हा शब्द पाहिला असता तर तुला नोकरीवर ठेवले असते. ते कोण, हे तिला ठाऊक नव्हते.

आणि डेव्हिड? नातीने अंक उलटा केला. मागच्या पानावर, जेथे साबणाची जाहिरात असावयाची, तेथे पूर्ण पानभर डेव्हिड होता, टकलासह हसणारा. ती म्हणाली, “हिब्रू वाचणाऱ्याला हे मागचे पान. पण तू मासिक डावीकडून हातात घेतोस ना? तुझ्यासाठी हेच पहिले.”

कल्पना उत्तम. परंतु समीक्षकाने येथे विरघळून चालत नाही. फोटो लहान होता, तो ताणून पानभर केल्यामुळे त्याचे दाणे दिसत होते. पार्श्वभूमीचा पिवळा रंग नादिराच्या लालशी भांडत होता. शिवाय आलम आराचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे नाव कोठेच नव्हते. १९३१ साली भारताच्या पहिल्या बोलपटाला शब्द देणारा माणूस आपला, आणि लेखकाचा चेहरा कोणत्याही मुखपृष्ठावर येत नाही, हे कितीही खरे असले तरी एक ओळ त्यांच्यासाठी ठेवता आली असती. ती तिने नंतर घातली.

सर्वांत मोठी चूक अक्षरांत होती. तिने डेव्हिडचे नाव हौसेने मराठीत घातले होते. संगणकाने जोडाक्षर फोडले होते, ‘व’चा पाय मोडून ‘ह’ लांब पडला होता आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली होती. ‘चेऊलकर’चा ऊ तर ऱ्हस्व झाला होता. तिला यातले काहीच दिसत नव्हते. तिला मराठी बोललेले समजते, वाचता येत नाही. तिच्या दृष्टीने ती सुंदर वळणाची नक्षी होती.

मी बोरू मागितला, घरात नव्हता. शेवटी जाड टोकाच्या मार्करने कोऱ्या कागदावर नाव लिहून दिले, जुन्या मासिकांवर हाताने काढीत तसे. चार वेळा लिहिले, कारण हात आता थरथरतो. तिने त्यातले तिसरे निवडले. चौथे अधिक नीट होते असे मी म्हणालो, पण तिने ऐकले नाही. फोनने त्याचा फोटो काढला आणि डेव्हिडच्या खांद्यापाशी लावून टाकला.