नकाशावरील टेकाडे आणि त्यांची नावे

थरच्या वाळवंटाच्या उत्तर कडेने घग्गर-हाक्रा नावाचे एक कोरडे पात्र जाते. त्याच्या काठच्या प्राचीन वसाहतींचा शोध सुमारे दीड शतक चालू आहे. सी. एफ्. ओल्डहॅम ह्यांनी 1874 व 1893 साली ह्या ‘हरवलेल्या नदी’विषयी लिहिले. ऑरेल स्टाइन ह्यांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 1940-41 च्या हिवाळ्यात, बिकानेर व बहावलपूर संस्थानांतून ह्या पात्राचा मागोवा घेतला. 1950 नंतर अमलानंद घोष ह्यांनी भारताच्या बाजूस, व 1974 ते 1977 ह्या काळात रफीक मुघल ह्यांनी पाकिस्तानातील चोलिस्तानात, शेकडो स्थळांची नोंद केली. ह्या परंपरेत आता एका नव्या, वस्तुतः फार जुन्या, साधनाची भर पडली आहे. ते म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक मैलास एक इंच ह्या प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे.

कॅमेरॉन पेट्री, हेक्टर ओरेंगो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ‘जिओसायन्सेस’ ह्या नियतकालिकात 2019 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या साधनाची बाजू मांडली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ह्या नकाशांमागील मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झाली, आणि पत्रे विसाव्या शतकाच्या आरंभापासून क्रमाक्रमाने छापले गेले. मोजणीदारांनी सपाट प्रदेशातील लहानमोठी टेकाडे त्यांच्या सापेक्ष उंचीसह दाखविली. त्यांचा हेतू पुरातत्त्वाचा नव्हता. परंतु ह्यांपैकी पुष्कळ टेकाडे प्राचीन वस्तीची असल्यामुळे, पुढे कालवे आले, नांगर फिरले, जमिनी सपाट केल्या गेल्या, तरी कागदावर ती शिल्लक राहिली. 1927 साली गंग कालवा सुरू झाला, व पुढे राजस्थान कालव्याचे, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याचे, पाणी ह्याच मुलखात खेळू लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या युक्तिवादाचे बळ कळते. जे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही, कारण ते आता अस्तित्वातच नाही, ते ह्या पत्र्यांवर दिसते.

हे श्रेय निःसंशय मोठे आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप त्यापुढच्या पायरीवर आहे. 2021 व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे टेकाड शोधण्याचे काम संगणकाकडे सोपविण्यात आले. टेकाडाची खूण कशी असते हे यंत्राला शिकवावयाचे, आणि मग त्याने शेकडो पत्रे चाळून तशा खुणा वेचून काढावयाच्या. पत्र्यांची संख्या पाहता हा मार्ग अटळच होता. मात्र ह्या पद्धतीत नकाशावरील अक्षरे हा शोधाचा विषय राहत नाही. रेषेवर आडवे आलेले नाव यंत्राच्या दृष्टीने केवळ अडथळा होय. भाषेच्या अभ्यासकास येथे थांबावेसे वाटते, कारण नकाशाच्या पत्र्यावर साक्षी दोन असतात. पहिली साक्ष मोजणीदाराच्या साखळीची, आणि दुसरी त्याने ज्याला विचारले त्या गुराख्याच्या वा शेतकऱ्याच्या तोंडची.

एक उदाहरण घेऊ. वाळूचा उंचवटा आणि वस्तीचे टेकाड ह्यांची रेखाटने कागदावर एकमेकांस फसवण्याइतकी जवळ येऊ शकतात. त्या प्रदेशाच्या बोलींत हा घोटाळा होत नाही. वाळूचा तो ‘टिब्बा’. पडक्या वस्तीचा तो ‘थेह’ किंवा ‘थेर’. दोन टिब्ब्यांमधील कठीण चिकणमातीचे सपाट मैदान म्हणजे ‘डहर’, आणि पावसाचे पाणी साठविण्यासाठी खणलेले तळे म्हणजे ‘टोबा’. मरुभूमीत राहणाऱ्या माणसाने हे वर्गीकरण पुराणवस्तूंच्या हौसेने केलेले नाही. कोठे पाणी टिकेल, कोठे उंट रुतेल, कोठे जुन्या विटा मिळतील ह्या गरजेने केले आहे. म्हणूनच ते विश्वसनीय आहे. महाराष्ट्रातील वाचकास हे नवे वाटू नये. आपल्याकडे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा भेद शेतजमीन व गावठाण ह्यांचाच भेद आहे, आणि ‘पांढरीचे टेकाड’ हा शब्द शेतकऱ्याने पुरातत्त्वज्ञाच्या कितीतरी आधी योजलेला आहे.

कालीबंगन हे नाव तर स्वतःच एक निरीक्षण आहे. टेकाडावर विखुरलेल्या काळ्या पडलेल्या मातीच्या बांगड्यांच्या तुकड्यांवरून ते पडले, असे मानले जाते. मराठी ‘बांगडी’शी त्यातील उत्तरपदाचे नाते उघड आहे. 1960-61 पासून बी. बी. लाल व बी. के. थापर ह्यांनी तेथे उत्खनन केले. पण पृष्ठभागावरील वस्तूंची पहिली ‘यादी’ ह्या नावातच होती. त्या टेकाडाकडे आरंभी ज्यांचे लक्ष गेले ते लुइजी पिओ तेस्सितोरी हे व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ, जुन्या पश्चिमी राजस्थानीच्या व्याकरणाचे लेखक होते, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

तथापि नावाच्या साक्षीवरही आंधळा विश्वास टाकता येत नाही. तरखानवाला डेरा ह्या हडप्पाकालीन स्थळाच्या नावात ‘तरखान’ म्हणजे सुतार आहे. तो सुतार कालपरवाचा, टेकाड साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. ‘थेर’ हा शब्द वस्ती होती एवढेच सांगतो, केव्हा होती हे सांगत नाही. सर्वांत मोठा फसवा शब्द नदीचाच आहे. हरियाणात पेहोव्याजवळून वाहणारा एक लहान प्रवाह ‘सरसुती’ ह्या नावाने जुन्या नकाशांवर आढळतो, आणि सरस्वती–सरसुती हा ध्वनिविकार पूर्णपणे नियमित आहे. परंतु त्या नावावरून खालच्या रुंद कोरड्या पात्रातून हडप्पाकाळी हिमनद्यांचे पाणी वाहत होते असे सिद्ध होत नाही. 2017 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूशास्त्रीय अभ्यासाप्रमाणे सतलज हे पात्र सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच सोडून गेली होती, हडप्पाकालीन नगरे एका मोठ्या नदीने टाकलेल्या वाटेवर उभी राहिली. स्टाइन ह्यांनी 1942 सालच्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘हरवलेली सरस्वती’ हे शब्द घालून एका प्रश्नाला उत्तराचे रूप दिले. त्यांनी केलेल्या तपासणीचे मोल त्याने कमी होत नाही, पण त्या शीर्षकाची किंमत आजही चुकविली जात आहे.

तिसरी अडचण लिपीची. ‘ट’ आणि ‘त’, ‘ड’ आणि ‘ड़’ ह्यांतील भेद छापील रोमन अक्षरांत बहुधा लोपतो. पंजाबी वा सराइकी बोलणाऱ्याचा उच्चार, तो ऐकणाऱ्या मुनशीचे लेखन आणि कलकत्त्यात छापलेली अक्षरे अशा तीन गाळण्यांतून नाव गेलेले असते. निरनिराळ्या सर्वेक्षणांच्या याद्या एकत्र केल्या की एकच स्थळ दोन वर्तनींमुळे दोनदा मोजले जाण्याचा धोका येथूनच उद्भवतो. ह्या याद्यांतील स्थाननिर्देशांच्या चुकांची जाणीव पेट्री व त्यांच्या सहकाऱ्यांना आहे, आणि त्या दुरुस्त करण्यासाठी त्यांनी परिश्रमही घेतले आहेत. मात्र वर्तनींचा प्रश्न केवळ निर्देशांकांनी सुटणारा नाही.

कालव्याखालील प्रदेशात हे काम निकडीचे झाले आहे. तेथील नव्या वसाहतींना नावे नाहीत, क्रमांक आहेत. अनूपगढजवळील ज्या हडप्पाकालीन स्थळाचे उत्खनन 2014 ते 2017 ह्या काळात झाले ते ‘4 एम्. एस्. आर्.’ ह्या चकाच्या क्रमांकानेच ओळखले जाते. क्रमांकात बोली नसते, उंचवटाही नसतो. जुन्या पत्र्यांवरील नावे, त्यांचे आजच्या वृद्धांच्या तोंडचे उच्चार आणि यंत्राने वेचलेल्या खुणा ही तिन्ही एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडण्याचे काम एखाद्या भाषाशास्त्र विभागास सहज झेपण्याजोगे आहे. त्यासाठी कुदळ लागत नाही, पण त्या मुलखात जाऊन बसावे मात्र लागते.