‘पिशवी’ आणि ‘बी. एस. ओ.’ : रुग्णाच्या अभिलेखाची भाषा

वैद्यकीय अभिलेख रुग्णाच्या हाती पडला म्हणजे तो त्याला प्राप्त झाला, असे हल्ली गृहीत धरले जाते. 27 सप्टेंबर 2021 रोजी देशव्यापी झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने रुग्णास चौदा अंकी क्रमांकाद्वारे आपले कागद पाहण्याची सोय करून दिली. मागणी होताच 72 तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन तर डॉक्टरांवर 2002 च्या आचारनियमांनीच घातले होते. म्हणजे अधिकार जुना, साधन नवे. भाषेचा प्रश्न मात्र तसाच उरला आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतील 82,309 स्त्रियांपैकी 13,861 स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. बोलीत या शस्त्रक्रियेस ‘पिशवी काढणे’ म्हणतात. इस्पितळाच्या कागदावर मात्र ‘टी. ए. एच.’ ही आद्याक्षरे असतात, त्यांना ‘बी. एस. ओ.’ जोडलेले असेल तर दोन्ही बीजकोशही काढले, असा अर्थ होतो. ऋतू अकाली थांबण्याचे, हाडे ठिसूळ होण्याचे कारण या तीन अक्षरांत सापडू शकते. ‘पिशवी’ या शब्दात ते सापडत नाही.

अशा आद्याक्षरांचा मराठी उलगडा कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात करू शकतात. हा उपकार लहान नव्हे. तथापि उलट दिशेचा प्रवास अवघड आहे. ‘अंगावरून जाणे’ हे लक्षण आणि ‘अंगावर काढणे’ ही उपचाराविना केलेली सोसणूक. शब्द शेजारचे, अर्थ दूरचे. पहिल्याचा अर्थही प्रसंगाने पालटतो. रुग्ण स्त्रीचे हे बोलणे यंत्राला नीट उमगले नाही, तर त्याचे उत्तर शुद्ध मराठीत असूनही चुकीचे ठरेल.

याहून गंभीर मर्यादा अभिलेखाचीच आहे. कामाचा दिवस चुकला की ‘खाडा’ लागतो आणि पैसे कापले जातात. या भयाने स्त्री शस्त्रक्रियेस राजी झाली असेल, तर त्याची नोंद कोणत्याही रकान्यात नसते. तेथे असते ती केवळ ‘संमती’. जे लिहिलेच नाही, त्याचे भाषांतर कोणते यंत्र करणार?

म्हणून रुग्णाला अभिलेख वाचता येणे ही पहिली पायरी होय. त्यात आपले म्हणणे आपल्या शब्दांत नोंदविता येणे ही दुसरी. त्यासाठी या बोलीतील आजारवाचक शब्दांचा प्रसंगासह संग्रह हवा. ते काम यंत्राचे नसून आपल्यासारख्या भाषाविभागांचे आहे, आणि ते आपण अद्याप पुरते हाती घेतलेले नाही.