जलशाचा हिशेब मांडणारा माणूस

आपल्या नांदेड-लातूरकडं 'कर्डक' म्हटलं की पोरं म्हणतात, वामनदादा. बरोबरच आहे. वामनदादांची गाणी आपल्या वस्त्यांच्या तोंडात बसलीत. पण मी लिहितोय ते भीमराव कर्डकांबद्दल. दोघंही नाशिक जिल्ह्यातले, आडनाव एक, म्हणून एकाच्या नावात दुसरा बुडाला. ही नुसती नावाची गफलत नाही. भीमरावांना विसरून आपण गाण्याशेजारचा नट विसरलो, आणि त्या नटाबरोबर वाद घालायची एक रीतच विसरलो. माझा मुद्दा हा आहे.

१९३० च्या दशकात भीमराव नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा घेऊन गावोगाव फिरले. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच मातीतला हा जलसा. त्यांनी पदं रचली, सोंगंही घेतली. साचा तमाशाचा : गण, गौळण, बतावणी, वग. सत्यशोधकांनी तो आधीच मोडून वापरला होता. आंबेडकरी जलशांनी आणखी मोडला. देवाची स्तुती गेली, कृष्णाची छेडछाड गेली. बतावणी मात्र ठेवली, आणि वाढवली. मंदिरप्रवेश, मेलेलं ढोर ओढणं, सावकार, शाळा, निवडणूक, सगळं तिच्यात आलं.

बतावणीच का? कारण गाण्यात आपण एकटेच बोलतो. बतावणीत समोरचाही बोलतो. एकजण भट होतो, एकजण महार. भटाला त्याचं शास्त्र पुरं बोलू द्यायचं, आणि मग एका साध्या सवालानं त्याची गाडी अडवायची. समोरची माणसं हसतात, आणि हसता हसता त्यांना कळतं की आपल्यालाही हे विचारता येतं. पण त्यासाठी आपल्यातल्याच एकानं भट नीट वठवावा लागतो. त्याचा युक्तिवाद पाठ असावा लागतो. भट कच्चा झाला तर सवालही कच्चाच पडतो.

प्रस्थापित समीक्षक याला 'प्रचार' म्हणून बाजूला सारतात. मी म्हणतो, प्रचारात विरोधकाला तोंडच नसतं. जलशात त्याला अर्धा वेळ मिळतो. तेव्हा कलाहीन कोण, हे त्यांनी पुन्हा तपासावं. बाबासाहेब कर्डकांच्या एका जलशाला आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा मानत, असं सांगतात. ते उगाच सांगत नाहीत.

१९७८ साली भीमरावांचं 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक मुंबईच्या अभिनव प्रकाशनानं काढलं. साल ध्यानात घ्या. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आपल्या जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले ते त्याच ऑगस्टात. आपली घरं जळत होती त्याच वर्षी एक जुना जलसाकार आपल्या चळवळीच्या कलेचा हिशेब मांडून ठेवत होता. पुस्तकाच्या नावात 'स्वरूप' आणि 'कार्य' शेजारी शेजारी आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. विद्यापीठात स्वरूप एका पेपरात आणि कार्य दुसऱ्या पेपरात शिकवतात. ज्यानं चेहऱ्याला रंग फासलाय त्याला असं तोडता येत नाही. कुणी पदवीधर येईल आणि आपला इतिहास लिहील, याची त्यानं वाट पाहिली नाही.

आता टीकाही करतो. आपल्या माणसाची केली नाही तर ती आरतीच होईल. जलशानं नाच आणि लावणी टाकली, ती फडावर होणारी विटंबना थांबावी म्हणून. हेतू चोख होता. पण त्याबरोबर बाईही मंचावरून गेली. बायांची कामं पुरुष करू लागले. तमाशात नाचणाऱ्या बायका बहुतेक आपल्याच होत्या. त्यांचं कसब, त्यांचा आवाज जलशाला वापरता आला असता. बाईनं स्वतः उभं राहून सवाल टाकला असता तर बतावणी कुठल्या कुठं गेली असती! हे अर्धं काम राहिलं ते राहिलंच.

आज जयंतीला डीजे छाती हादरवतो. गाण्यात बाबासाहेबांचं नाव शंभरदा येतं, सवाल एकदाही येत नाही. ऐकणारा नाचतो, घरी जातो. मी नाचाविरुद्ध नाही. पण पाच मिनिटं डीजे बंद करून दोन पोरं-पोरी चौकात उभ्या राहिल्या, एक शिष्यवृत्ती अडवणारा साहेब आणि एक विद्यार्थिनी, तर कर्डकांचा जलसा तिथंच पुन्हा सुरू होईल. आणि साहेब पक्का वठवा, बरं का.

दुसरं काम वहीचं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात. आपल्या गायन पार्ट्यांची वाट नाशिकपेक्षा वेगळी. बिलोली, देगलूर, उदगीर, औसा, कुठं कोण पेटी वाजवत होतं, कोण सोंग घेत होतं, ते म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहा. भीमरावांनी त्यांच्या मुलखाचं लिहून ठेवलं. आपलं आपण लिहायचंय.

जय भीम.