सिद्धतेच्या गद्यातील लुप्त कर्ता

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००७ साली वैद्यकीय सिद्धतेविषयी आणि एकाच वेळी येणाऱ्या बहुसंख्य जखमींच्या व्यवस्थेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. प्रत्येक रुग्णालयाची आपत्कालीन योजना असावी व तिची रंगीत तालीम व्हावी, हा तिचा आशय सर्वथा ग्राह्य आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र, असा आशय ज्या वाक्यरचनेतून रुग्णालयापर्यंत पोहोचतो ती रचना हा होय.

अशा इंग्रजी सूचनांतील कर्मणी वाक्ये मराठी शासनव्यवहारात ‘-ण्यात यावे’ या रूपाने अवतरतात. ‘धोक्याच्या प्रसंगी रुग्णांना सुरक्षित स्थळी हलविण्यात यावे’ हे नमुन्यादाखल रचलेले वाक्य घ्यावे. यात प्रसंग आहे, स्थळ आहे, कर्म आहे. कर्ता तेवढा नाही. शिवाय ‘यावे’ हे रूप विध्यर्थी. विध्यर्थाचे कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा असे अनेक अर्थ आपले व्याकरणकार सांगतात. तेव्हा ही आज्ञा की सदिच्छा, याचा निर्णय वाचणाऱ्यावरच पडतो. जखमींच्या वर्गवारीतील लाल, पिवळा, हिरवा व काळा या रंगांचे तसे नाही. तेथे प्रत्येक चिन्हास एकच अर्थ असतो. म्हणूनच ते घाईत उपयोगी पडते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दोन दहशतवादी शिरले. दोन पहारेकरी मारले गेले. प्रसूतिपूर्व कक्षात रात्रपाळीस असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी दारे लावून घेतली, वीस गर्भवतींना कक्षाच्या टोकाच्या लहान खोलीत हलविले आणि प्रसूतिवेदना सुरू झालेल्या एका स्त्रीस प्रसूतिगृहात पोहोचविले. व्याकरणदृष्ट्या कुलथे यांच्याविषयीचे हे वाक्यही कर्मणी व भावे प्रयोगांतीलच आहे. परंतु कर्ता त्यात उपस्थित आहे. यावरून, दोष प्रयोगाचा नसून कर्त्याच्या लोपाचा आहे, हे ध्यानी येईल.

माणसे बदलतात, रुग्णालये लहानमोठी असतात, म्हणून नियमात कर्ता सांगता येत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. व्यक्तीपुरता तो खरा आहे, पदापुरता नाही. ‘रात्रपाळीच्या मुख्य परिचारिकेने कक्षाचे दार आतून लावलेच पाहिजे’ असे प्रत्येक रुग्णालयास आपल्या योजनेत लिहिता येते, आणि या वाक्यात कर्तव्याखेरीज दुसरा अर्थ फारसा संभवत नाही.

असे वाक्य सहसा का लिहिले जात नाही, याचे कारण केवळ शैलीत शोधून भागणार नाही. परिचारिकेने दार लावावयाचे असे एकदा लिहिले, की दारास आतून कडी असणे, तिला तालीम मिळणे, कक्षात दूरध्वनी चालू असणे हेही कोणावर तरी सोपवावे लागते. कर्ता लुप्त ठेवला म्हणजे हे सारे दायित्वही लुप्त राहते. त्या रात्री ती रिकामी जागा एका परिचारिकेच्या प्रसंगावधानाने भरून काढली. पुढील योजनांचे परीक्षण करणाऱ्याने प्रथम त्यांतील कर्ते मोजावेत.