साष्टीचा लढा आणि 'स्वातंत्र्य' हा शब्द : एक चिकित्सा

1737 ते 1739 च्या वसई-साष्टीच्या लढ्यास 'स्वातंत्र्ययुद्ध' म्हणण्याचा, आणि त्याच्या जोडीस स्पेनविरुद्ध डचांनी दिलेला लढा ठेवण्याचा प्रघात आपल्या लेखनात आढळतो. ही जोडी अगदीच निराधार नाही. 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे आलेली वसई व साष्टी 1580 ते 1640 या काळात स्पेनच्याच राजाच्या अमलाखाली होती. 1581 च्या जुलैत डच प्रांतांनी ज्या दुसऱ्या फिलिपचे राजेपण झुगारले, तोच त्या वर्षी अंधेरी-मालाडच्या रयतेचाही राजा होता. परंतु धनी एक म्हणून लढाही एक, असे ठरत नाही. प्रश्न शब्दांचा आहे.

1581 च्या जाहीरनाम्यात ज्या 'स्वातंत्र्यां'चा पुकारा आहे ती अनेकवचनी होत. नगरांच्या व प्रांतांच्या जुन्या सनदा आणि राजाने शपथेवर पाळावयाचे हक्क, असा त्यांचा अर्थ. व्यक्तिस्वातंत्र्याचा आजचा अर्थ त्या शब्दास पुढे चिकटला. आपल्याकडील 'स्वराज्य' शब्दाचीही हीच गत आहे. 1719 च्या सनदांत चौथाई व सरदेशमुखीबरोबर येणारे 'स्वराज्य' म्हणजे शिवाजीमहाराजांच्या अखेरीस ताब्यात असलेला मुलूख; ती हिशेबाची संज्ञा होय. मालाडचे अंताजी रघुनाथ आणि अणजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले ते धर्माचा छळ व वतनाची हानी या दोन गाऱ्हाण्यांनी. वतनाच्या गाऱ्हाण्यास हलके लेखण्याची आपली सवय मला सदोष वाटते, कारण डच नगरांची सनद आणि साष्टीचे वतन हीच या तुलनेतील खरी समान भूमी आहे. ती सोडून आपण 'राष्ट्र' हा शब्द धरतो, आणि तेथेच तुलना ढासळते.

वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'तील 'महाराष्ट्रधर्म' या शब्दावर असाच भार टाकला जातो. मालाडच्या नायकोरावाचे ते प्रकरण 1448 चे, म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वीचे आहे. आणि तेथे 'धर्म' शब्दात कुळे, गोत्रे व आचार यांची व्यवस्था प्रामुख्याने येते. त्यातून 1737 च्या लढ्याचे बीज काढणे हे शब्दास त्याच्या काळाबाहेर ओढणे होय.

आणखी एक भेद आहे. 1566 मध्ये अर्ज घेऊन आलेल्या सरदारांस दरबारात 'भिकारी' म्हटले गेले, आणि तेच नाव बंडखोरांनी अभिमानाने धारण केले. साष्टीच्या लढ्यातून रयतेचे असे स्वतःचे नाव निघाले नाही. मोहीम पेशव्यांची राहिली, सेनापती चिमाजीअप्पा. स्वतःस नाव घेतले ते पुढे दुसऱ्यांनीच : मरोळ, मालाड, बोरिवलीच्या मराठीभाषी ख्रिस्त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले, तेही इंग्रजीतून.

या समाजाच्या दृष्टीने 1739 हे साल काय आहे, हे 'स्वातंत्र्ययुद्ध' म्हणणारे विचारीत नाहीत. मे 1739 च्या तहात ख्रिस्त्यांस आपल्या धर्माने राहण्याची मुभा होती, ही गोष्ट पेशव्यांस भूषणावह आहे. डच प्रांत मुक्त झाल्यावर तेथील कॅथलिकांस मात्र उघड उपासना करता येईना. घरांच्या आत दडवलेल्या देवळांतून ती चाले. ज्या आदर्शाशी आपण साष्टीची तुलना करतो, तो या एका बाबतीत साष्टीहून उणा ठरतो.