न धाडलेली पत्रे

मौलाना अबुल कलाम आझाद यांचा ‘गुबार-ए-खातिर’ हा उर्दू पत्रसंग्रह १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक पत्रे अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात लिहिलेली आहेत. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलानांना तेथे स्थानबद्ध केले होते. नवाब हबीबुर रहमान खान शेरवानी या स्नेह्यांस उद्देशून ती लिहिली, पण तेथून धाडता आली नाहीत. कागद लेखकापाशीच साठत गेले.

ह्यांस पत्रे म्हणावे काय, ही शंका रास्त आहे. उत्तर येणार नाही हे ठाऊक असलेल्या पत्रात निबंधाची ऐट शिरतेच, आणि फारसी शेरांचा भार कित्येक ठिकाणी मजकुरास पेलवत नाही. परंतु पहाटेच्या चिनी चहाचे वर्णन घ्यावे, अथवा खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी मांडलेले युद्ध व पुढे झालेला तह. तेथे आढ्यता पार गळून पडते. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी कलकत्त्यास वारली, त्यानंतरचे पत्र तर संयमाने लिहिलेले म्हणूनच असह्य होते.

संग्रह पुन्हा उघडण्याचे निमित्त मात्र क्षुल्लक. आमच्या जीमेलच्या पेटीने जागा संपत आल्याची सूचना दिली. फुकट मिळणारी १५ जीबी जागा टपाल, ड्राइव्ह व छायाचित्रे या तिघांत वाटलेली असते. घरच्या तरुण मंडळींचा सल्ला एकच : दहा वर्षांपूर्वीचे सारे पुसून टाका. हा सल्ला साहित्यदृष्ट्या अडाणीपणाचा आहेच. हिशेबानेही तो चुकीचा आहे. साध्या पत्राचे वजन काही केबी, मोबाइलच्या एका छायाचित्राचे काही एमबी; म्हणजे एका छायाचित्राच्या जागेत शेकडो पत्रे मावतात. मौलानांच्या चोवीसही पत्रांचा निव्वळ मजकूर असल्या एका छायाचित्राहून हलका भरेल! जागा खातात ती सोबत जोडलेली ओझी. दहा एमबीहून मोठे टपाल शोधावे, त्यातील हवे ते संगणकावर उतरवून घ्यावे, मग ते टपाल पुसून कचरापेटीही रिकामी करावी. एरवी ते तेथे तीस दिवस जागा अडवून बसते. ‘अर्काइव्ह’ केल्याने टपाल केवळ दृष्टीआड होते, जागा मुळीच सुटत नाही.

सन पाहून पुसणाऱ्यास बँकेची जाहिरात आणि परदेशी गेलेल्या मुलीने २००८ साली आईस लिहिलेल्या चार ओळी सारख्याच. मौलानांच्या कागदांस मुहम्मद अजमल खान यांच्यासारखे संकलक लाभले. पुढे मालिक राम यांनी साहित्य अकादमीसाठी टीपांसह आवृत्ती सिद्ध केली. आपल्या पेटीचे संकलक आपणच, आणि हे काम एकेक पत्र वाचूनच व्हावयाचे. आमचे अद्याप २०११ पर्यंतच आले आहे.